एकतिसावी बाई

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दिवस मावळताच बंद झालेले गडाचे दरवाजे, खाली घरी एकटं तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. सांगणाऱ्याचा आवाज इथे हमखास भरून येतो, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: बाईचं दूध गडावर चालत होतं, मग बाईचं बाळ का चालत नव्हतं?

महाराजांनी मात्र नुसतं कौतुक केलं नाही. तिला साडीचोळी दिली आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून ती वाटच बंद केली, असं सांगतात. आपण त्यातलं निम्मंच उचललं. कडे जिथल्या तिथे ठेवले आणि तिचं नाव तेवढं सगळीकडे दिलं. एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ असतो. एका स्टँडवरचा मी निरखून पाहिला. दाराला कुलूप होतं, किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब जेवायला गेले होते. खिडकीतून डोकावलं तर आत जुने फलक, पाय मोडलेल्या दोन खुर्च्या आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर एवढी मंडळी निवांत पडलेली. बाहेर बाकावर एक बाई पदराआड बाळाला पाजत बसली होती. म्हटलं, आत का नाही बसलात? तर म्हणाली, “आत हापिस आहे ना!”

तरीही, कष्टकरी बाईने मूल कुठे ठेवावं याचा सरकारने विचारच केला नाही, असं कुणी म्हणू नये. भरपूर केला आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात करायला घेतला आणि अजून चालू आहे. फक्त प्रत्येक वेळी तो मोजणीपासून सुरू झाला, आणि मोजायला घेतल्या त्या बहुतेक वेळा आया.

१९४८ चा कारखाने कायदा घ्या. जिथे पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं त्यात होतं. १९७६ मध्ये आकडा तीसवर आणला. तीसपेक्षा जास्त, म्हणजे एकतीस. तिसावी बाई कामावर रुजू झाली तरी कारखान्यात पानही हलत नसे. एकतिसावी फाटकातून आत आली की मात्र हवेशीर, उजेडाची खोली लागे, शिकलेली बाई नेमावी लागे आणि राज्याने नियम केला तर मुलांना फुकट दूधही द्यावं लागे. म्हणजे बिचारी एकतिसावी बाई ही उद्योगधंद्यातली सगळ्यांत महागडी बाई. तीस बायका भरून झाल्यावर फाटकावरच्या पाटीत ‘फक्त पुरुष हवेत’ असं का दिसायला लागे, याचं उत्तर शोधायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

नव्या श्रमसंहितांनी हा घोळ थोडा निस्तरला आहे. आता बायका न मोजता सगळे कामगार मोजायचे आणि आकडा पन्नासचा. मूल बापालाही असतं, हे कायद्याच्या लक्षात यायला सत्तरेक वर्षं लागली. पण आलं हे महत्त्वाचं. बाईवरचा भार कमी झाला. मालकाने आता पन्नासच्या अलीकडे थांबायचं एवढंच.

इमारतीच्या कामावर १९९६ चा कायदा लागू होता. तिथे पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर मुलांसाठी खोली. आपल्याकडे एवढे टॉवर उठतात, तेव्हा अशा खोल्याही बऱ्याच असतील असं वाटेल. पण साइटवर मोजायला गेलं की बायका गायब होतात. वाळू चाळणाऱ्या एका ठेकेदाराच्या, विटा वाहणाऱ्या दुसऱ्याच्या, प्लास्टरवाल्या तिसऱ्याच्या, फरशीवाल्या चौथ्याच्या आणि साफसफाईच्या पाचव्याच्या. डोळ्यांना ऐंशी दिसतात, कागदावर प्रत्येकाकडे सोळा. त्या ऐंशीजणींची पोरं वाळूच्या ढिगावर एकत्र खेळतात, कारण कोण कुठल्या ठेकेदाराच्या हिशेबातलं हे त्यांना अजून कुणी समजावलेलं नाही.

अशा कामांवरच्या मुलांसाठी १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं. गांधी जन्मशताब्दीसाठी राजघाटावर बांधकाम चाललं होतं, तिथल्या धुळीत पडलेली मुलं पाहून त्यांनी तिथेच तंबूत पाळणाघर थाटलं. बायका किती आहेत, हे आधी मोजत बसल्या नाहीत. म्हणून ते सुरू झालं.

मुलं मोजणारे कायदेही झाले, अगदीच झाले नाहीत असं नाही. मळ्यांतल्या कामगारांच्या १९५१ च्या कायद्यात पन्नास बायका किंवा त्यांची वीस मुलं, यांपैकी काहीही भरलं तरी पाळणाघर द्यावं लागे. पण हा कायदा चहा-कॉफीच्या मळ्यांचा, आणि महाराष्ट्राला चहा प्यायचा तेवढा ठाऊक. दुसरा, २००५ चा रोजगार हमीचा. कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुलं आली की बायकांपैकी एकीने ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. फार शहाणी तरतूद. फक्त चार मुलं आली तर काय, हे त्यात लिहिलेलं नाही. चौघांनी बहुधा आपसात एकमेकांना सांभाळायचं असावं.

आणि ऊसतोड? तिथली मोजणी तर अभिजातच म्हणायची. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पन्नास जोडपी बीडहून कारखान्याच्या फडावर उतरली की वहीत लिहिलं जातं, ‘कोयते पन्नास’. माणसं शंभर, पण बाई एकही नाही, कारण ती कोयत्याचा अर्धा भाग आहे. अर्ध्या कोयत्याचं मूल कुठल्या कलमात बसवणार? ते बैलगाडीखाली पडलेल्या सावलीत बसतं.

आता ज्या बाईवरून हे सगळं डोक्यात आलं, तिच्याकडे येते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची सून चार घरची धुणीभांडी करते. पदरात आठ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचे चिरंजीव. तिला कारखान्याचा कायदा लागू नाही, कारण घर हा कारखाना नाही (काही घरांत संध्याकाळी सातला उभं राहून पाहिलं तर याबद्दल शंका येते, पण ते असो). तिला चार मालक, प्रत्येकाकडे धुणीभांड्याची बाई एकच. पन्नास बायकांकडून भांडी घासून घेणारं घर पुण्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी कायदा केला, मंडळ नेमलं, नोंदणीही होते. पण सकाळी साडेसहाला बाई बाहेर पडते तेव्हा कल्याण झोपलेलं असतं आणि चिरंजीव जागे असतात.

तिच्या वस्तीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका संस्थेचं सरकारी अनुदानातलं पाळणाघर आहे, असं मावशींना कळलं. केंद्र सरकारची ही योजना जुनी आहे, नाव तेवढं बदलत गेलं: २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना, २०१७ मध्ये नुसतीच राष्ट्रीय पाळणाघर योजना आणि २०२२ पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, एका केंद्रात पंचवीस, दिवसाला साडेसात तास, महिन्यातले सव्वीस दिवस. फीसुद्धा ठरवून दिलेली होती: दारिद्र्यरेषेखालच्यांना महिना २० रुपये, महिन्याला बारा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर १००, त्याच्यावर २००. हे केंद्र त्याच तक्त्यावर चाललेलं होतं. जागा दोन रिकाम्या होत्या आणि अर्ज चार होते. चालवणाऱ्या बाई मायाळू होत्या. त्यांनी सांगितलं, “ज्याला जास्त गरज त्याला आधी. आधी पिवळं कार्ड, मग बाराच्या आतले, मग बाकीचे. तुम्ही किती गरीब आहात त्याचे तेवढे कागद घेऊन या.”

इथून खरी मौज सुरू झाली. आपल्या राज्यात गरीब असणं सोपं आहे, पण नेमकं किती गरीब हे सिद्ध करणं ही कला आहे. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी रेशनकार्डं आली. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत कमाई असेल तर पिवळं, लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरं. पंधरा हजार वर्षाला म्हणजे दिवसाला ४१ रुपये, साऱ्या घराचे. एवढ्यात चार माणसांचं कुटुंब जगत असेल तर त्याला पाळणाघर नव्हे, पद्म पुरस्कार द्यायला हवा. बरं, शाळेच्या पंचवीस टक्के आरक्षणात दुर्बल घटक म्हणजे लाखाच्या आतला. लाडकी बहीण व्हायचं तर अडीच लाखांच्या आतला. आणि खुल्या प्रवर्गाच्या दहा टक्क्यांत आर्थिक दुर्बल म्हणजे आठ लाखांच्या आतला. म्हणजे एकाच सोसायटीत गच्चीवर एकत्र उभं राहून पतंग उडवणारी तीन कुटुंबं वेगवेगळ्या खिडक्यांवर गरीब ठरतात. खाली जिन्यात त्यांच्या चपला नीट लावून ठेवणारी बाई मात्र एकेका खिडकीवर कधी थोडी जास्त पडते, कधी थोडी कमी.

आमच्या सूनबाईंचं कार्ड केशरी निघालं, तेही गावाला सासऱ्यांच्या नावावर. रांगेत तिच्या पुढे एक पिवळं कार्ड होतं. ते १९९९ मध्ये पिवळं झालं होतं आणि अजून पिवळं होतं. मधल्या काळात त्या घराने दोन टपऱ्यांचं एक दुकान केलं, वर मजला चढवला. कार्डाचा रंग मात्र तसाच राहिला. आपल्याकडे श्रीमंती वारसाने मिळते हे माहीत होतं. गरिबीही मिळते, आणि तिला वारस नोंदही लागत नाही.

कार्डाने काम होईना म्हणून उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा. त्यासाठी तलाठ्यांचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, आधार, राहण्याचा पुरावा आणि एक कामाचा दिवस. हा शेवटचा कागद अर्जावर छापलेला नसतो, पण त्याच्यावाचून काही होत नाही. सेतू केंद्रात सूनबाई चिरंजीवांना काखोटीला मारून उभी होती. खिडकीतला मुलगा चटपटीत होता आणि सभ्य होता.

“ताई, मिस्टरांचं उत्पन्न?”

“कमावतो तेवढं सांगू, का घरी येतं तेवढं?”

मुलाने बोटं कीबोर्डवरून उचलली. फॉर्ममध्ये रकाना एकच होता. मागच्या रांगेतल्या चार बायकांनी एकदम उत्तर दिलं, “घरी येतं तेवढंच लिही गं!” शेवटी दोन हजार लिहिले. चिरंजीवांनी या वेळात काउंटरवरचा गोंदाचा डबा आडवा केला आणि कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याला कायमस्वरूपी चिकटले.

आता तिच्या स्वतःच्या कमाईचा पुरावा. पगाराची पावती नाही, तेव्हा चारही घरांकडून लिहून आणा, असं ठरलं. खरी कमाई चार घरांची मिळून साडेनऊ हजार. त्यात नवऱ्याचे दोन. साडेअकरा. म्हणजे बाराच्या आत, म्हणजे दुसऱ्या गटात पहिली, म्हणजे जागा मिळण्यासारखी. चिठ्ठ्या तेवढ्या आणायच्या होत्या.

चारांपैकी एक घर माझं, माझी चिठ्ठी लगेच झाली. दुसऱ्या घरातल्या आजोबांनी विषयाच्या गाभ्याला हात घातला. ते बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, “सही कशाला? उद्या हिने पीएफ मागितला तर?” त्यांना समजावून झालं की पाळणाघरात पीएफ कापत नाहीत. तिसऱ्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, “लिहून देते हो, पण घराचे मालक आमचे हे, आणि हे बंगलोरला.” बंगलोरहून व्हॉट्सअॅपवर संमती आली, वर अंगठाही आला. अंगठा चालतो, असं वाटलं. जुन्या कागदपत्रांत चालायचा.

चौथ्या घरी गडबड झाली. त्या बाई स्वभावाने चांगल्या, कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. भांडी, फरशी, कपडे वाळत घालणं आणि कधीमधी भाजी निवडणं याचे त्या दोन हजार देत. पेन हातात घेतल्यावर तो आकडा कागदावर कसा दिसेल हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. लेटरहेड यजमानांच्या क्लिनिकचं होतं. “एवढेच लिहिले तर बरं नाही ना दिसत,” म्हणून त्यांनी तीन हजार लिहिले. कागदावरची ती पगारवाढ हातात कधी पडली नाही. सूनबाईचं उत्पन्न मात्र साडेअकराचं साडेबारा झालं आणि ती बाराच्या बाहेर पडून थेट तिसऱ्या गटात, तीन माणसांच्या मागे गेली. फीचा प्रश्न नव्हता. १०० च्या जागी २०० द्यायला ती हसत तयार होती. प्रश्न रांगेचा होता. चौथ्या घरच्या अब्रूने तिला हजार रुपयांनी श्रीमंत केलं आणि जागा गेली.

दोनपैकी एक जागा पिवळ्या कार्डाला मिळाली. आजी घरी असते, गल्ल्यावर काका असतात, तरी मुलाला चार मुलांत बसायची सवय व्हावी म्हणून ठेवलं, असं त्या घराने कौतुकाने सांगितलं. यात कुणाचंच चुकलं नाही. पाळणाघरवाल्या बाई नियमाप्रमाणे वागल्या, पिवळं कार्ड खरं होतं, चिठ्ठ्या खऱ्या होत्या, एक हजार रुपये सोडून. गरजूंना प्राधान्य देण्याचा कार्यक्रम पार पडला.

“मग अंगणवाडीत घाला,” असं कुणीतरी सुचवतंच. अंगणवाडी ही आपली हक्काची जागा आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आज एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. आमच्या चिरंजीवांचं नावही अंगणवाडीच्या पटावर आहे. पण तिथेही एक मौज आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात, गाणी म्हणतात, गरम खिचडी खातात. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचं पाकीट. सहा महिन्यांच्या बाळाचं वजन करतात, उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात, मोबाइलवर भरतात. सगळं मोजून झालं की बाळ आईच्या हातात परत. म्हणजे सरकारला ते किती किलो आहे हे ग्रॅममध्ये माहीत असतं, फक्त सकाळी दहा वाजता ते कुठे असतं हे माहीत नसतं. आणि तीन वर्षांनंतर बसायला मिळतं तेही काही तासच. अंगणवाडी सुटते तेव्हा सूनबाई तिसऱ्या घरात कुकर घासत असते.

यात अंगणवाडीताईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे पोषण आहे, लसीकरण आहे, गरोदर बायकांच्या नोंदी आहेत, सर्वेक्षणं आहेत, निवडणुकीची कामं आहेत, आणि उरलेल्या वेळात मुलं आहेत. आता सरकारने अंगणवाडीतच पाळणाघर जोडायचं ठरवलं आहे, सतरा हजार ठिकाणी. त्यात आई कामाला जाते की नाही हेही विचारायचं नाही, कुठलीही आई मूल ठेवू शकते. सतरा हजार हा आकडा मोठा वाटतो. देशात अंगणवाड्या चौदा लाखांच्या आसपास आहेत, हे आठवेपर्यंत.

मग चिरंजीव असतात कुठे? ते असतात ताईकडे. आठ वर्षांची ताई. हेच आपल्या देशातलं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जुनं आणि अनुदानाशिवाय चालणारं पाळणाघर. याला ना पन्नास बायका लागतात, ना उत्पन्नाचा दाखला. प्रवेश जन्मतःच मिळतो. वेळ सकाळी साडेसहा ते आई येईपर्यंत. कर्मचारी एक, मानधन शून्य, आणि निवृत्ती धाकटा शाळेत जाईल तेव्हा. कर्मचाऱ्याची स्वतःची शाळा सकाळची असेल तर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. हजेरीपटावर त्याचं कारण लिहायला जागा नसते. मी एकदा त्या ताईला दारात पाहिलं. एका कमरेवर भाऊ, दुसऱ्या हातात पाढ्यांचं पुस्तक. सतराचा पाढा म्हणत होती आणि प्रत्येक ओळीला भावाला वर उचलून घेत होती, कारण तो घसरत होता. सतरा सक एकशे दोनला तो पार गुडघ्यापर्यंत आला होता.

हे कुणी पाहिलंच नाही, असं नाही. महाराष्ट्रात तर ते फार आधी पाहिलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवर त्यांच्या लक्षात आलं की मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भाऊ असतो. तेव्हा त्यांनी मुलीला ‘भावाला घरी ठेवून ये’ असं सांगितलं नाही. ‘भावालाही घेऊन ये’ म्हणाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, तिचं नाव विकासवाडी. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. आणि मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हीही कल्पना ताराबाईंचीच. त्यांनी आधी उत्पन्नाचा दाखला मागितला असता तर टेकडीवर अजून गवतच असतं.

आता पुण्याच्या दुसऱ्या टोकाला या. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असं सांगितलं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येईल अशी सोयही केली. ओळखीच्या एका मुलीच्या कंपनीतलं असं पाळणाघर मी पाहून आले. मऊ फरशी, भिंतीवर जिराफ, कॅमेरा, आणि आईच्या मोबाइलवर बाळ झोपलं की झोपल्याचं चित्र. खरोखर छान. असंच असायला हवं. तिथे मुलांचं सगळं करणारी एक मदतनीस होती, हसरी, हलक्या हाताची. तिच्या मांडीवर एक मूल झोपलं होतं. मी सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती? म्हणाली, दोन. आत्ता कुठे असतात? म्हणाली, “धाकटा मोठीपाशी.”

म्हणजे पुन्हा तीच ताई. कॅमेऱ्याच्या एका बाजूला हिशेबात बसलेलं मूल आणि दुसऱ्या बाजूला त्याला सांभाळणारीचं न बसलेलं.

मध्यमवर्गाने या बाबतीत फार बोलू नये हे बरं. आपलं पाळणाघर म्हणजे आजी. तिला आपण कधी मोजलं नाही, तिच्या वेळा विचारल्या नाहीत आणि तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा पाळणाघरांच्या फिया किती वाढल्यात यावर संताप केला. धुणीभांड्याच्या बाईने मात्र मूल बरोबर आणलं तर आपण दारातच म्हणतो, “अगं, याला कशाला आणलंस?” हा प्रश्न विचारायला आपल्याला कसलाही दाखला लागत नाही.

गरिबांना प्राधान्य द्यायला कुणाचाच विरोध नाही. सरकारचा नाही, संस्थांचा नाही, तुमचा-माझा तर मुळीच नाही. पण आपली यादी सुरू होते ती सगळ्यांत गरीब कोण हे शोधण्यापासून, आणि ते शोधायला जो वेळ लागतो, तो सगळ्यांत गरीब बाईकडेच नसतो. एक दिवस रांगेत उभी राहिली तर एक दिवसाचे पैसे जातात. म्हणून रांगेत पुढे असते ती थोडी कमी गरीब, आणि जिच्यासाठी यादी केली ती अजून भांडी घासत असते. यादीतला अन्याय असा कुणाच्याही वाईट हेतूशिवाय, नीट शिक्के मारून होतो.

यावर उपाय फार अवघड नाही, आणि नवाही नाही. वस्तीत पाळणाघर काढा, सकाळी सहाला उघडा, संध्याकाळी आई परतेपर्यंत चालू ठेवा, आणि दारात येईल त्या मुलाला आत घ्या. सकाळी सहाला पाळणाघराच्या दारात मूल घेऊन कोण येतं, हाच गरजेचा पुरावा. ज्याच्या घरी आजी आहे आणि गल्ल्यावर काका आहेत, तो त्या वेळी झोपलेला असतो. तेव्हा चाळणी आपोआप लागते, तलाठ्याची गरज पडत नाही. मुलं पंचवीसच्या वर गेली तर दुसरी खोली उघडा. आया मोजून झाल्या, आता मुलं मोजा.

आणि तोपर्यंत एक विनंती. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी अशी चिठ्ठी मागितली तर त्याच दिवशी द्या, आणि तिच्यात खरा पगार लिहा. तो लिहायला लाज वाटत असेल, तर आधी पगार वाढवा आणि मग लिहा.